बिडी किती ओढतो, तेही केसपेपरवर लिहा

मंगळवार, रात्र

मनोविकार वॉर्डात नवा पेशंट आला की झोप, भास, खाणंपिणं सगळं विचारून होतं. बिडी-दारूपाशी आलं की नातेवाईक खाली बघत "अधूनमधून" म्हणतात. लोक आधीच वेडा म्हणतात, त्यात बेवडाही कोण म्हणवून घेईल? पण दडवलेलं अंगाशी येतं. रोजची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, नसलेलं दिसायला लागतं आणि वाटतं, मूळचा आजारच बळावला. यात जीवही जाऊ शकतो. आधी कळलं तर औषधं आणि थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) पहिल्याच दिवशी सुरू करता येतं.

बिडीचं तर कुणाच्या ध्यानीमनी नसतं. आज लालबागच्या एका मावशींना तेच समजावत बसले होते. त्यांच्या मुलाला क्लोझापिन, म्हणजे भास-आवाजांवरचं औषध, चालू आहे. बिडीच्या धुरामुळे यकृत हे औषध झपाट्याने संपवतं, त्यामुळे ओढणाऱ्याला मात्रा जास्त लागते. वॉर्डात ओढणं थांबलं की तीच मात्रा जड होते: गुंगी, लाळ, क्वचित फिटसुद्धा. घरी जाऊन पुन्हा सुरू केलं की औषध कमी पडतं, कानातले आवाज परततात आणि सगळे म्हणतात, गोळ्या चुकवल्या असणार. हे काम धुराचं, निकोटिनचं नव्हे; म्हणून तलफेसाठी निकोटिनचं च्युइंगगम देता येतं.

मावशी म्हणाल्या, "ताई, ते आवाज बंद व्हावेत म्हणून प्यायचा तो. वाईट नाही हो माझा पोरगा." याआधी एका ठिकाणी त्यांना सांगितलं, आधी दारू सोडवा, मग आणा. व्यसनमुक्तीवाले म्हणाले, आधी डोकं ताळ्यावर आणा. संताप येतो मला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था धरल्या आहेत. मग फाईल घेऊन आईने कुठे कुठे फिरायचं? दोन्ही उपचार एकाच वेळी, एकमेकांशी बोलणाऱ्या माणसांनीच करायला हवेत.

शुक्रवारी त्याला डिस्चार्ज आहे. त्याआधी डॉक्टरांकडून कार्डावर बिडीचं लिहून घ्यायचं. मावशींनाही परत सांगायचं: घरी ओढायला लागला तर लपवू नका, गोळ्या आपल्या मनाने वाढवू नका, सरळ ओपीडीत घेऊन या.