कित्ता

मंगळवार, रात्री

सहलीचे पैसे गोळा करायचा आज शेवटचा दिवस होता. चांदबीबी महालाची सहल, माणशी ५० रुपये. एकतीस मुलांनी आणले, म्हणजे १५५० व्हायला हवे होते. मधल्या सुट्टीनंतर मोजले तर १५०० भरले. पुन्हा मोजले, पुन्हा तेवढेच.

सुट्टीत वर्गात एकटा एक मुलगा होता. गुडघा फुटलाय म्हणून तो खेळायला गेला नव्हता, हे मला माहीत होतं. तरी मी त्याला पुढे बोलावलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "दप्तर उघड."

त्याने उघडलं. एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवली. दोन वह्या, कव्हर निघालेलं बालभारतीचं पुस्तक, पेन्सिलीचा बोटभर तुकडा आणि रुमालात बांधलेले चिंचोके. नोट नव्हती. मी म्हणाले, "जा." एवढंच. वस्तू परत भरताना चिंचोके सांडले. ते वेचायला कोणी उठलं नाही. मीही नाही.

घरी आल्यावर महिन्याच्या बेरजा करायला हजेरीपत्रक उघडलं. नोट हजेरीपत्रकाच्याच प्लास्टिकच्या वेष्टनात, पुठ्ठ्याला चिकटून बसली होती. मीच घाईत सरकवली असणार.

रात्री प्रार्थनेला बसले. "आमची ऋणे आम्हांस सोड" इथवर आले आणि पुढचे शब्द तोंडातून निघेनात. बत्ती मालवून तशीच पडले. झोप नाही म्हणून उठून हे लिहिते आहे.

बुधवार

परिपाठाच्या आधी त्याला वऱ्हांड्यात बाजूला घेतलं. म्हणाले, "नोट सापडली रे. माझ्याकडेच होती." त्याने मान हलवली. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोकळी झाले, असं मला वाटलं.

शिक्षकांच्या खोलीत एका मैत्रिणीला सांगितलं. तिचं म्हणणं, एवढं पुरे. वर्गासमोर कबूल केलंस तर उद्या पोरं डोक्यावर बसतील. मला ते पटलं नव्हतं, पण ऐकून बरं वाटलं. का बरं वाटलं, ते इथे खरंखुरं लिहून ठेवते. या शाळेत ख्रिस्ती मी एकटी. मुलांचे पालक मला 'मिशनच्या बाई' म्हणतात, प्रेमानेच म्हणतात. लहानपणापासून घरात एकच वाक्य ऐकलंय: लोक आपल्याकडे बघतात, नीट वागा. एकाने चूक केली की बोट सगळ्या ख्रिस्ती मंडळीकडे दाखवलं जातं. बाईंनी गरिबाच्या पोराला चोर ठरवलं आणि पैसे निघाले बाईंच्याच हजेरीपत्रकात, ही गोष्ट एकतीस घरांत जाईल. मग माझ्या प्रभूचं नाव कुठे राहिलं? चांगलं उदाहरण बिघडू नये म्हणून गप्प बसावं, असं मी स्वतःला समजावत होते. सकाळभर.

मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ मुली शाळा-शाळा खेळत होत्या. एक जण बाई झाली होती. ओढणी म्हणून स्वेटर खांद्यावर टाकलेला, हातात फुटपट्टी. समोर एक बारकी पोर उभी. बाई झालेल्या मुलीने मान थोडी तिरकी केली, दोन बोटांनी टेबलावर टकटक करावी तशी हवेत टकटक केली आणि म्हणाली, "दप्तर उघड."

ती मान माझी. ती टकटक माझी. मी अशी टकटक करते, हे मला पंचवीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

बारक्या पोरीने खोटं खोटं दप्तर उघडलं. बाकीच्या हसल्या. मी टाकीच्या मागून तशीच वर्गात परत आले.

गुरुवार

आज सांगितलं. हजेरीच्या आधी. टेबलामागून नाही, तो बसतो त्या बाकाजवळ उभी राहून. "मंगळवारी मी याचं दप्तर सगळ्यांसमोर उघडायला लावलं. याने काहीही घेतलं नव्हतं. पैसे माझ्याजवळच होते. मी न बघता याच्यावर आळ घेतला. मी चुकले." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "मला माफ कर."

वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, मग सहलीला जायचं ना?"

जायचं, म्हटलं. हजेरी घेतली.

रविवार, संध्याकाळी

आज पाळकसाहेबांनी बायबलमधल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायावर संदेश दिला. तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या, यावर. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, हा भाग ऐकला की मला नेहमी एक अडचण येते. आजही आली. त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, पान उलटलं की प्रभू सांगतो, लोकांनी बघावं म्हणून धर्माचरण करू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. मग उजेड पाडायचा की झाकायचा? इतकी वर्षं मी या दोन्हींचा मेळ अर्धामुर्धाच घालत आले.

या आठवड्यात वडील फार आठवले. आमच्याकडे रात्री आठला कुटुंबप्रार्थना असायची. कंदील मधे, आम्ही भावंडं गोधडीवर. वडील डोळे मिटून आधी आजारी माणसांसाठी मागायचे, मग पावसासाठी, आणि मग त्याच सुरात, आवाज न बदलता, दिवसभरातलं स्वतःचं सांगायचे. "प्रभू, आज दुपारी मी मुलांच्या आईवर ओरडलो. भाकरी करपली म्हणून. मला क्षमा कर." आई शेजारीच बसलेली असायची. तिचं आमेन त्या दिवशी जरा उशिरा यायचं. आम्ही एका डोळ्याने आईकडे बघायचो.

वडील ते आमच्यासाठी बोलत नव्हते, आमच्याकडे त्यांचं लक्षही नसायचं. ते देवाशी बोलत होते आणि आम्ही तिथे होतो, इतकंच. मत्तयाचे ते दोन अध्याय मला आज पहिल्यांदा त्या कंदिलाच्या उजेडात एका जागी बसलेले दिसले. मी बुधवारी ज्या उदाहरणाला जपत होते, ते लोकांसाठी केलेलं होतं. म्हणूनच ते एका नोटेने मोडणार होतं.

उपासनेनंतर पेत्राचं पहिलं पत्र काढून वाचलं. ख्रिस्ताने आपल्याकरता कित्ता घालून दिला, आपण त्याच्या पावलांवर पाऊल ठेवून चालावं, असं दुसऱ्या अध्यायात आहे. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, तिथे 'कित्ता' हा शब्द आहे, तो मला आधीपासून आवडतो. पहिलीच्या मुलांना मी रोज जे करून देते तेच: वर एक ओळ नीट काढून द्यायची, खाली त्यांनी गिरवायची. मूळ ग्रीक शब्द आहे 'हुपोग्राम्मोस', त्याचाही अर्थ हाच, मुलांनी गिरवावी म्हणून काढून दिलेली अक्षरं. मी ठिपक्यांचा 'ग' काढून देते तेव्हा माझी काठी जरा तिरकी गेली, तर एकतीस वह्यांत तिरका 'ग' उतरतो. मुलं चूक गाळून गिरवत नाहीत. समोर जे आहे ते गिरवतात. टाकीजवळ ते मी डोळ्यांनी पाहिलं.

पण तिथेच पुढे वाचलं आणि थांबले. तो कित्ता कशाचा आहे? त्याची निंदा होत असता त्याने उलट निंदा केली नाही, याचा. अन्यायाने सोसण्याचा. म्हणजे मंगळवारी त्या वर्गात, त्या टेबलाशी, ही ओळ माझ्या बाजूला नव्हतीच. ती समोरच्या पोराच्या बाजूला होती. त्याने उलट शब्द काढला नाही. एकेक वस्तू काढून ठेवली. आता यावरून त्याच्या गप्प राहण्याचं मी कौतुक करू लागले, तर तो दुसरा अन्याय होईल. सात वर्षांचं पोर बाईंसमोर गप्प राहतं ते भीतीने. त्याने आरडाओरडा केला असता, "मी नाही घेतले" म्हणून पाय आपटले असते, तर मला जास्त आवडलं असतं. सोसण्याचा कित्ता मोठ्यांनी गिरवायचा, दुबळ्यांकडून गिरवून घ्यायचा नाही. आपल्या संदेशांमध्ये हा फरक पुरेसा सांगितला जात नाही असं मला वाटतं. पाळकसाहेबांशी एकदा बोलायला हवं.

नगरला शिक्षिका म्हणून काम करताना मला मिस सिंथिया फरार नेहमी जवळच्या वाटतात. १८२७ मध्ये त्या मिशनरी म्हणून अमेरिकेहून मुंबईला आल्या, १८३९ पासून नगरला मुलींना शिकवत राहिल्या, आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. जोतीराव फुले त्यांची शाळा पाहून गेले आणि १८४८ मध्ये पुण्याला भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे घेतले त्यात फरारबाईंच्या शाळेचं नाव येतं. जोतीरावांनी पाहिला तो काही समारंभ नव्हता. मुली बसल्या होत्या, शिकत होत्या. नऊ वर्षं नगरला त्या रोज तेच करत होत्या, आणि एके दिवशी दारात कोणीतरी उभं होतं. बाईंनी पाहुण्यांकडे बघून आवाज वाढवला असता तर काय झालं असतं, हा विचार आज उपासनेहून चालत येताना मनात आला. उन्हात चालताना असे विचार येतात.

माझ्या दारात तसं कोणी येणार नाही. पण मुलं रोज आत बसलेली असतात.

ती बाई झालेली मुलगी शुक्रवारी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, आम्ही काल माफीचं पण खेळलो." कोण बाई झालं होतं, विचारलं. ती म्हणाली, "कुणी व्हायलाच तयार नव्हतं. मग मीच झाले." मी तिची वेणी सुटली होती ती बांधून दिली. आणखी काही बोलले नाही, बोलण्याजोगं मला सुचलं नाही.

त्याची आई धुणीभांडी करून सहाला घरी येते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले, संध्याकाळी परत गेले तेव्हा भेटली. तिला सगळं सांगितलं. तिला ठाऊक नव्हतं, पोराने घरी अवाक्षर काढलं नव्हतं. तिने हातातलं काम थांबवलं, बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "त्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, बाई. तो खोटं बोलत नाही." मी म्हणाले, "हो." तिने चहा टाकला नाही आणि मला ते योग्यच वाटलं.

उद्या 'ग'ची ओळ घ्यायची आहे. कित्ते करून ठेवलेत, एकतीस. त्याचा जरा मोठ्या ठिपक्यांनी केला, त्याची पेन्सिल फार बारकी आहे. नवी पेन्सिल द्यावीशी वाटली होती, नाही दिली. या आठवड्यात दिली तर ती माफीची किंमत होईल.

गुरुवारी मी माफी मागितली त्यानंतरही दिवसभर दप्तर त्याच्या मांडीवर होतं. शुक्रवारीही. शनिवारी त्याने ते बाकाखाली ठेवलं, पट्टा पायात अडकवून.