पडवीचं ग्रिल आणि खारा वारा

गुहागरला आमचं घर अगदी समुद्राकडच्या अंगाला आहे, मागच्या पोफळी संपल्या की सरळ पुळण. सकाळी पडवीच्या ग्रिलवरून बोट फिरवून जिभेला लावलं की खारट लागतं, अगदी मे महिन्यात पावसाचा थेंब नसतो तेव्हासुद्धा.

बाबांनी हे ग्रिल पाच वर्षांत तीनदा रंगवलं. दरवेळी तारेच्या ब्रशने खरवडायचं, रेड ऑक्साइड मारायचं, वर ऑइलपेंटचे दोन हात, आणि पुढच्या गणपतीला पोपडे. हल्लीचं लोखंडच वाईट, असं बाबांचं ठाम मत. मी स्वतः कोटिंगच्या कामात आहे त्यामुळे हे ऐकून मला खरंच राहवत नाही, कारण लोखंड तेच असतं हो, त्याच्या वरच्या केसाइतक्या जाडीत काय केलंय त्यावर सगळं ठरतं.

ब्रशने वरचा गंज निघतो पण गंजाच्या बारीक खड्ड्यांत मीठ तसंच राहतं, आपण त्यावरच रंग चढवतो, मग ते मीठ रंगातून ओल आत ओढून घेतं आणि फोड आतून वर येतात. म्हणून मी दोन वर्षांपूर्वी ग्रिलची एक झडप काढून नेली, आधी गोड्या पाण्याने खसाखसा धुतली, मग ब्लास्टिंग केलं, म्हणजे हवेच्या दाबाने खरखरीत कण मारून गंज उडवला. ब्लास्टिंग झालेलं लोखंड राखाडी आणि हाताला खरखरीत लागतं, त्या खरखरीतच रंग पकड घेतो. आपल्याकडच्या दमट हवेत ते काही तासांत तांबूस पडायला लागतं म्हणून त्याच दिवशी झिंकवाला (म्हणजे जस्त घातलेला) इपॉक्सी प्रायमर, रंगाखालचा पहिला हात. दुसरी झडप बाबांच्या पद्धतीने, आणि वरचा रंग दोन्हींना एकाच डब्यातला. दोन पावसाळे झाले. बाबांच्या झडपेचा रंग नखाने निघतोय, माझ्या झडपेला खालच्या कोपऱ्यात एक डाग आहे, तोही धारेवर, कारण धारेवर रंग नेहमी पातळ बसतो आणि तिथे मी ब्रशने जास्तीचा हात द्यायला हवा होता, तो दिला नाही.

गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड, म्हटलं की लोक निर्धास्त होतात पण त्यातही खूप फरक आहे. सुमारे 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या 6 मिमीपेक्षा जाड लोखंडावर सरासरी 85 मायक्रॉनचा थर मागतात, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दुकानातल्या चकचकीत झिंक प्लेटिंगच्या बोल्टवर साधारण 5 ते 12. आता आयएसओ 9223 मध्ये, म्हणजे हवेचा गंजकेपणा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकात, सी5 म्हणजे खूप गंजक्या हवेत जस्त वर्षाला 4.2 ते 8.4 मायक्रॉन झिजतं असं दिलंय, किनाऱ्यालगत आपण त्याच हवेत राहतो असं धरून चाला आणि हिशोब तुम्हीच करा. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं, म्हणून छोटा ओरखडा चालतो, पण जीआय (गॅल्व्हनाइज्ड) पाइपला वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळून जातं. आमच्या शेडच्या प्रत्येक जोडावर बोटभर तपकिरी पट्टा आहे तो त्यामुळेच, मधला पाइप अजून छान आहे.

स्टेनलेसचंही तसंच. जिन्याच्या रेलिंगला चहा सांडल्यासारखे डाग पडलेत, आणि गंमत बघा, पावसात भिजणारा भाग बरा आहे, डाग पडलेत ते पागोळीच्या आतल्या भागाला, कारण तिथलं मीठ पाऊस कधी धुतच नाही. 304 या नेहमीच्या स्टेनलेसऐवजी 316 हा प्रकार घेतला तर त्यातल्या 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनममुळे बराच फरक पडतो, पण फिनिश खरखरीत असेल तर त्या रेघांत मीठ अडकतं आणि 316 लासुद्धा डाग येतात, त्यामुळे किनाऱ्याला घेताना गुळगुळीत पॉलिशच घ्या. आणि शेजारी साधं लोखंड ग्राइंड करू देऊ नका, उडालेल्या ठिणग्या स्टेनलेसवर चिकटून तिथेच गंजतात.

आता बाबा दर रविवारी झाडांना पाणी घालताना ग्रिल आणि रेलिंगवर पण नळी धरतात. दुसरी झडप दिवाळीनंतर पाऊस पूर्ण थांबला की नेणार आहे, शेडचे बोल्टही तेव्हाच बदलायचेत.