रुक्मिणीदेवींच्या सहवासातला एक दिवस

विद्यार्थिनींसाठी टिपण तयार करताना आजचा सारा दिवस रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या कारकिर्दीत गेला. अ‍ॅना पाव्हलोव्हा या रशियन बॅले नर्तिकेच्या प्रोत्साहनाने नृत्याकडे वळलेल्या रुक्मिणीदेवींनी मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे भरतनाट्यम शिकून १९३५ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, मद्रासच्या अड्यार येथे पहिला जाहीर प्रयोग केला. देवदासींची म्हणून हिणवली गेलेली कला ब्राह्मण घरातील स्त्रीने रंगमंचावर आणणे ही तेव्हा खळबळजनक गोष्ट होती. पुढच्याच वर्षी कलाक्षेत्र या त्यांच्या कलासंस्थेची स्थापना झाली. रामायणावरील नृत्यनाट्यांची मालिका रचणाऱ्या या कलावतीने तिथेच हातमागावरील विणकाम आणि कलमकारी यांनाही आसरा दिला, हे वाचून मी बराच वेळ थबकले.

नृत्यातील शृंगाररसाला त्यांनी घातलेली मर्यादा मात्र मला आजही पटत नाही. त्या वादात माझा कल शृंगाराची बाजू घेणाऱ्या, देवदासी परंपरेतील नर्तकी बालासरस्वतींकडेच आहे (आणि वर्गात मी तो लपवतही नाही).

१९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाल्यावर त्यांनी प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध विधेयक मांडले, आणि त्याच प्रयत्नांतून १९६० चा कायदा आला. १९७७ मध्ये तर राष्ट्रपतिपदासाठी आलेली विचारणाही त्यांनी नाकारली. टिपणाची पाने केव्हाच संपली. विणकामाचा भाग उद्या नव्याने लिहायला घेणार आहे.