पाचवी तार

शनिवार, रात्री साडेदहा

आज बँजो गेला. खोलीच्या कोपऱ्यात गालिच्यावर केसचा ठसा तेवढा राहिलाय.

आईला फोनवर सांगितलं. "बेंजो विकलास?" म्हणाली आणि गप्प झाली. तिच्या डोळ्यांपुढे अजून गिरगावातला, विसर्जनाच्या मिरवणुकीतला बटणांचा बेंजो येतो. तो बुलबुलतरंगाच्या घरातला. माझ्या बँजोचं मूळ आफ्रिकेत, गुलाम करून अमेरिकेत आणलेल्या माणसांच्या हातात.

माझा गिब्सन कंपनीचा, मिशिगनमधल्या कलामझूच्या कारखान्यातला, 1920 च्या दशकातला. तेव्हा नाचाच्या बँडमध्ये चार तारांचा टेनर बँजो चालायचा, म्हणून तसेच जास्त बनले. मग 1945 च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज बिल मन्रो यांच्या बँडमध्ये आले आणि त्यांच्या तीन बोटांच्या वादनाने सगळ्यांना पाच तारांचा हवासा झाला. स्क्रग्ज आमच्या नॉर्थ कॅरोलिनातलेच, शेल्बीजवळचे. जुने पाच तारांचे मिळेनात, तेव्हा लोक टेनरची दांडी उतरवून पाच तारांची नवी बसवू लागले. माझाही तसाच बदललेला. माझ्याकडे आला तेव्हा त्याची कातड्याची पुडी फाटलेली होती, दांडी वाकलेली. कारागिराने आठ महिने घेतले. निकेलला पुन्हा मुलामा द्यायला मी नको म्हटलं. जिथे कुणाचं तरी मनगट वर्षानुवर्षं टेकलं होतं तिथला काळपटपणा मला हवा होता.

पाचवी तार आखूड, तिची खुंटी पाचव्या पडद्यापाशी. अंगठ्यात नखी घालून ती छेडायची, सतारीच्या चिकारीसारखी. नेहमीच्या मेळात ती हार्मोनियमच्या पांढरी पाचचा षड्ज धरून असते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा परक्या मुलखात कुणीतरी तंबोरा जुळवतंय असं वाटलं होतं. दोन वर्षं झाली, उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो. चार-पाच मिनिटांच्या वर वाजवता येत नाही. पेटीत बंद ठेवायला हे वाद्य नाही.

घ्यायला आलेला मुलगा एकोणीस-वीसचा, सोबत वडील. त्याने आधी वाजवला नाही. रेझोनेटर, म्हणजे मागची लाकडी पाठ, काढून टॉर्च मारला, कड्यावर ठोकलेला नंबर आणि आत खडूने लिहिलेला नंबर ताडून पाहिला. मग पुडीवर बोटाने टिचकी मारून कान लावला. तेव्हाच मी मनाने दिला.

वाजवायला लागल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. चहाचं निमित्त.

निघताना चार तारांची मूळ दांडी आणून दिली. इतकी वर्षं ती माझ्या एका जुन्या सुती साडीत गुंडाळून कपाटात होती. वडिलांनी विचारलं, हिचे वेगळे किती? म्हटलं, काही नाही, ती त्याचीच आहे. नट सैल केले की नवी निघते आणि ही बसते, कधी कुणाला पहिल्यासारखा हवा झाला तर. फेकू मात्र नका.

मुलाने केस डिकीत ठेवली. दांडी साडीसकट मांडीवर घेऊन बसला.