साहेब, एसएस म्हणजे एसएस

सुऱ्यांची पाती भट्टीत कडक करून घ्यायला, म्हणजे हीट ट्रीटमेंटला दिली, तेव्हाचं ते जॉब कार्ड गुलाबी रंगाचं होतं. 'मटेरियल' या शब्दापुढे बोटभर जागा, आणि काउंटरवरच्या मुलाने त्यात दोनच अक्षरं खरडली: एसएस, म्हणजे नुसतं स्टेनलेस स्टील. मी म्हटलं, "अहो, पूर्ण ग्रेड लिहा ना. १४सी२८एन." त्याने पेन कानावर ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, एसएस म्हणजे एसएस." त्याच क्षणी मी माझी सहा पाती उचलून घरी यायला हवं होतं. आलो नाही.

पाती आईसाठी करत होतो. ती वेंगुर्ल्याला असते. तिच्याकडे लोहाराकडून घडवून आणलेली जुनी सुरी होती. धार अशी की बांगड्याला नुसती टेकवली तरी चालेल. पण खारी हवा, मासळीचं पाणी, वर कोकम, त्यामुळे रात्री ओली राहिली की सकाळी तांबडी. बाजारातली चकचकीत स्टेनलेस सुरी गंजत नाही, पण चार सुरमया कापल्या की तिची धार बसते. दोन्ही गुण एकाच पात्यात हवे होते, म्हणून नायट्रोजनवाल्या स्टीलकडे वळलो.

भानगड अशी आहे. पातं कडक व्हायला कार्बन लागतो, पण कार्बन जास्त झाला की तो क्रोमियमला धरून त्याचे कार्बाइड बनवतो, आणि कार्बाइडमध्ये अडकलेलं क्रोमियम गंज अडवायच्या कामाचं राहत नाही. ४४०सी या स्टेनलेस ग्रेडमध्ये साधारण १ टक्का कार्बन आणि १७ टक्के क्रोमियम असतं, कार्बाइडचे दाणेही मोठे. १४सी२८एन या स्वीडिश स्टीलमध्ये क्रोमियम १४ टक्केच, पण कार्बन ०.६२ टक्के आणि सोबत ०.११ टक्के नायट्रोजन. आकडा चिमूटभर वाटतो, पण कडकपणाचं कार्बनचं थोडं काम नायट्रोजन करतो आणि क्रोमियम मोकळं राहतं. याहून जास्त, म्हणजे ०.४ टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन असलेलं एलसी२००एनही मिळतं. तेवढा नायट्रोजन साध्या वितळलेल्या पोलादात टिकत नाही, तो दाबाखाली भरावा लागतो. किंमत बघून मी तो नाद सोडला.

पत्रा मागवला, आला, वॉटरजेटने कापून घेतला, मुठीच्या रिव्हेटची भोकं पाडली. हे सगळं विनातक्रार झालं. (भोकं हार्डनिंगच्या आधीच पाडा. नंतर ड्रिल फक्त किंचाळतं.)

आता तो काउंटर.

हीट ट्रीटमेंटवाल्याकडे माझ्यासारखं गिऱ्हाईक म्हणजे चहात पडलेली माशी. त्यांची व्हॅक्यूम भट्टी डाय आणि पंचेससाठी चालते आणि लॉट भरल्याशिवाय पेटत नाही. माझी पाती सहा, सगळी मिळून किलोभरही नाहीत. किमान चार्ज मात्र द्यावाच लागतो, ते ठीक आहे, वीज लागते. पहिल्या आठवड्यात "शनिवारी घ्या." शनिवारी गेलो तर "लॉट नाही भरला." पुढच्या बुधवारी लाइट गेली होती. त्यानंतरच्या सोमवारी मुलगाच सुट्टीवर, आणि पाती कुठे ठेवलीत हे दुसऱ्या कुणाला माहीत नाही. मी गेटवरच्या बाकावर पाऊण तास बसलो. समोर ट्रक उभा, त्यातून गिअर उतरवत होते. एक माणूस प्रत्येक क्रेट मोजताना मोठ्याने आकडा म्हणायचा. सदतीसला तो चुकला आणि पुन्हा एकपासून सुरू झाला. मला त्याचा हेवा वाटला. निदान त्याचं काम दिसत तरी होतं.

एकोणिसाव्या दिवशी पाती मिळाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. उलगडली आणि पहिलं काय दिसलं? प्रत्येक पात्याच्या ऐन मधोमध, धारेपासून बोटभर वर, हार्डनेस टेस्टरचा खळगा. १५० किलो भाराने हिऱ्याचं टोक दाबलं की खळगा पडणारच, पण तो मुठीत जाणाऱ्या शेपटाकडे पाडता येतो. तुम्ही पाती द्याल तेव्हा मार्करने शेपटावर गोल काढून 'टेस्ट इथे' असं लिहा. तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलेलं काउंटरच्या पलीकडे जात नाही.

चलनावर हार्डनेस ५५ एचआरसी (रॉकवेल मापातला कडकपणा). मी ६० मागितला होता. तरी घरी आलो, धार लावली, आणि एक पातं आगळात अर्धं बुडवून रात्रभर ठेवलं. कोकमाचं आंबट आणि वर मीठ, आमच्याकडे याहून कठोर परीक्षा नाही. सकाळी रेषेवर तपकिरी ठिपके, मोहरीच्या दाण्याएवढे, बोटाने पुसले जाईनात. मी गंजणारं स्टेनलेस पैसे देऊन करून घेतलं होतं.

पुन्हा काउंटर. "साहेब, माल लोकल असेल." इथे माझा आवाज चढला, हे कबूल करतो. आवाज ऐकून आतून एक वयस्कर सुपरवायझर आले आणि त्यांनी न मागता भट्टीचा चार्ट पुढे केला. त्या माणसाबद्दल माझी काही तक्रार नाही. चार्टवर सगळं लिहिलेलं होतं: १०३० अंशांवरून हार्डनिंग, मग ५३० अंशांवर दोनदा टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा तापवणं. तो लॉट डी२चा, म्हणजे डाय-पंचच्या टूल स्टीलचा होता. डी२ला ते बरोबरच आहे, ५००च्या वर त्याचा कडकपणा पुन्हा चढतो. माझी पाती केवळ 'एसएस' म्हणून त्याच जाळीत कोपऱ्यात बसवली होती. १४सी२८एनला ५३० अंश म्हणजे विष. त्या तापमानाला क्रोमियम कार्बाइड आणि नायट्राइडच्या रूपात बाहेर पडतं, आजूबाजूची जागा क्रोमियमविना उघडी पडते आणि गंज नेमका तिथे धरतो. म्हणजे ज्या नायट्रोजनसाठी मी पत्रा मागवला, तोच त्यांनी निकामी केला. सुपरवायझर म्हणाले, "कार्डावर ग्रेड असता तर मी वेगळं काढलं असतं." मला त्यावर काय बोलावं सुचेना. मुलगा फोनवर बोलत होता.

पैसे परत मिळाले नाहीत. पुढच्या वेळी पन्नास टक्के सूट देऊ म्हणाले. पुढची वेळ!

उरलेल्या पत्र्यातून आणखी चार पाती कापली आणि एका छोट्या शेडमधल्या काकांकडे गेलो. त्यांच्याकडे बॉक्सएवढी मफल भट्टी, कॉम्प्युटर नाही, कागदही नाही. मीच कागद नेला. पाती स्टेनलेस फॉइलच्या पाकिटात बंद केली, १०६० अंशांवर दहा-बारा मिनिटं, मग बाहेर काढून दोन जाड ॲल्युमिनियमच्या प्लेटांमध्ये दाबली. पातळ पात्याला तेलात बुडवायची गरज नाही, प्लेटाच उष्णता ओढून घेतात आणि पातं वाकतही नाही. काका दोन्ही हातांनी प्लेट दाबून उभे होते आणि तोंडाने आकडे मोजत होते. आकडे मोजणारी माणसं मला आवडायला लागली आहेत.

त्यानंतर सबझिरो, म्हणजे पाती शून्याच्या खूप खाली गार करणं. हे विसरू नका, आणि 'उद्या करू' म्हणू नका. कार्बन आणि नायट्रोजन विरघळलेलं असल्यामुळे खोलीच्या तापमानाला सगळं ऑस्टेनाइट (तापलेल्या पोलादाची मऊ रचना) मार्टेन्साइट (कडक रचना) होत नाही, थोडं मऊ तसंच राहतं, आणि जितका वेळ जाईल तितकं ते हटून बसतं. मी थर्माकोलच्या खोक्यात ड्राय आइस घेऊन गेलो होतो. ते उणे ७८ अंशांवर असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये त्याचे तुकडे सोडले, उकळी फुटावी तसा धूर उसळला, आणि शेजारच्या शेडमधली दोन पोरं मोबाइल काढून धावत आली. गाडीतून ड्राय आइस नेताना काचा उघड्या ठेवा, बंद गाडीत त्याचा वायू कोंडतो. हातमोजे तर हवेतच, आणि तो धूर उसळत असताना आसपास भट्टी किंवा ठिणगी नको, अल्कोहोल पेटतं. तासाभराने पाती काढली, मग १८० अंशांवर दोन-दोन तास दोनदा टेम्परिंग. त्या दिवशी डबा नेला नव्हता. काकांनी त्यांच्यातली भाकरी दिली.

हार्डनेस ६०. खळगा शेपटावर, गोलाच्या आत.

आगळात दोन रात्री ठेवलं. काही नाही. पुसलं आणि झालं.

धारेचं खरं सांगायचं तर जादू नाही. प्रत्येक बाजूला १५ अंशांची धार लावली, आणि माझं जुनं डी२चं पातं पुठ्ठा कापण्यात याच्यापेक्षा जास्त टिकतं, त्यात वाद नाही. पण डी२ला धार लावायला बसलं की संध्याकाळ जाते. याचे कार्बाइड बारीक असल्यामुळे साध्या १००० ग्रिटच्या दगडावर पाच मिनिटांत केस तोडण्याइतकी धार येते, आणि इतक्या पातळ कडेलाही ते तुटत नाही. मासळी कापणाऱ्याला हेच हवं. ज्याला पुठ्ठेच कापायचेत त्याने हे वाचू नये.

वेंगुर्ल्याला नेऊन दिलं. आईने पहिले सौंदाळे साफ केले, सुरी धुतली, आणि मुद्दाम न पुसता खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी उलटसुलट करून बघितली. म्हणाली, "सुरी बरी आसा. पण माका आडाळीच व्हयी. ह्याच लोखंडाची कर."

आडाळीच्या, म्हणजे विळीच्या पात्याला दुप्पट जाड पत्रा लागेल, वर त्याला बाक. माझ्या काकांच्या बॉक्सात ते मावणार नाही, मी मोजून आलो. मावेल ते त्या गुलाबी कार्डवाल्यांच्या भट्टीत, पन्नास टक्के सवलतीत.