नवीन शार्ड टाकला आणि काहीच हललं नाही : माझा अनुभव

आमचा डेटाबेस मोंगोडीबी ४.४, क्लाउडवर तीन शार्ड (म्हणजे डेटा वाटून ठेवलेले तीन भाग), प्रत्येक शार्ड म्हणजे तीन मेंबरचा रेप्लिका सेट (एकाच डेटाच्या तीन प्रती, एक प्रायमरी आणि दोन सेकंडरी), आणि सगळ्यात मोठं कलेक्शन, म्हणजे डॉक्युमेंटचा (नोंदींचा) संच, मेसेजेसचं. शार्ड की, म्हणजे कोणतं डॉक्युमेंट कोणत्या शार्डवर जाणार हे ठरवणारं फील्ड, होती ग्राहक आयडी. ज्यांनी सुरुवातीला ती ठरवली त्यांचं तेव्हा काही चुकलं नव्हतं, कारण जवळजवळ प्रत्येक क्वेरीत ग्राहक आयडी असायचाच, त्यामुळे क्वेरी थेट एकाच शार्डवर जायची आणि सगळं छान चालायचं.

मग पहिल्या शार्डची डिस्क ८० टक्क्यांच्या वर गेली. आधी आम्ही मशीनच मोठं करत होतो. पण वायर्डटायगर (मोंगोडीबीचं स्टोरेज इंजिन) कॅशसाठी साधारण अर्धी रॅम घेतो, आणि रोजचा लागणारा डेटा त्या कॅशमध्ये मावेनासा झाला की प्रत्येक रीड डिस्कवर जातो, तिथे नुसती डिस्क वाढवून भागत नाही. म्हणून ठरलं की चौथा शार्ड टाकायचा.

शार्ड टाकणं खरंच सोपं आहे. नवीन रेप्लिका सेट उभा केला, मोंगोएसवर (क्वेरी योग्य शार्डकडे पाठवणारा राउटर) जाऊन ॲडशार्ड चालवलं, काही सेकंदात तो लिस्टमध्ये दिसला. बॅलन्सरला, म्हणजे शार्डमध्ये चंक (शार्ड की च्या सलग रेंजमधल्या डेटाचे तुकडे) सारखे वाटणाऱ्या प्रक्रियेला, रात्री १२ ते पहाटे ५ ची विंडो दिली, म्हणजे दिवसा चंक हलताना युजरला त्रास नको. आणि मी निवांत झालो.

सकाळी बघतो तर अगदी थोडे चंक गेलेले. मला वाटलं काहीतरी अडकलंय, लॉग चाळले, एररही नाही. मग डॉक्युमेंटेशन नीट वाचल्यावर कळलं की एक शार्ड एका वेळी एकाच मायग्रेशनमध्ये (चंक हलवण्यात) भाग घेऊ शकतो. देणारे तीन असले तरी घेणारा नवीन शार्ड एकटाच, म्हणजे एका वेळी फक्त एकच चंक हलणार. दोन शार्ड एकदम टाकले असते तर दोन मायग्रेशन समांतर चालली असती. कोणी करणार असेल तर हा हिशोब आधी मांडा, खूप रात्री वाचतील.

काही रात्रींनी बॅलन्सर शांत झाला. चारही शार्डवर १२०० च्या आसपास चंक, सगळं समान. पण पहिल्या शार्डची डिस्क जिथल्या तिथे आणि सीपीयू पण तसाच चढलेला. मी आमच्या सिनियर मॅडमना म्हटलं, "मॅडम, बॅलन्स झालाय पण लोड उतरत नाहीये." त्यांनी स्क्रीनकडे बघून एवढंच विचारलं, "चंक मोजलेस, डेटा मोजलास का?"

मी गेटशार्डडिस्ट्रिब्युशन (प्रत्येक शार्डवर किती डेटा आणि किती चंक ते दाखवणारी कमांड) चालवलं. ते आउटपुट मला अजून डोळ्यासमोर दिसतं. तीन शार्डवर साधारण ४८ जीबी प्रत्येकी, आणि पहिल्यावर २२८ जीबी. चंक मात्र सगळीकडे सारखेच. ४.४ मधला बॅलन्सर चंकची संख्या बघतो, साइज नाही (६.० मध्ये पुढे हे बदललं, तिथे तो डेटाच्या साइजवर चालतो). म्हणजे त्याच्या दृष्टीने काम झालं होतं.

मग चंकच्या लिस्टमध्ये शोधलं आणि तो सापडला, जम्बो (म्हणजे हलवता येणार नाही एवढा मोठा) असा फ्लॅग लागलेला एक चंक. ४.४ मध्ये चंकची डीफॉल्ट साइज ६४ एमबी, आणि हा एकटा १८० जीबीच्या घरात! आमचा सगळ्यात मोठा ग्राहक, त्याचे सगळे मेसेज, सगळ्यांत ग्राहक आयडी एकच. शार्ड की ची व्हॅल्यू एकच असेल तर चंक कुठे तोडणार, तोडायला जागाच नाही, आणि तुटत नाही म्हणून हलत नाही. मी दहा शार्ड टाकले असते तरी हा चंक तिथेच बसून राहिला असता.

५.० मध्ये शार्ड की पूर्ण बदलून रीशार्ड करता येतं, पण आम्ही ४.४ वर, आणि भरलेल्या डिस्कवर व्हर्जन अपग्रेड आणि रीशार्डिंग दोन्ही एकदम करायची माझी हिंमत नव्हती. ४.४ मध्ये मात्र रिफाइन करायची सोय आहे, म्हणजे आहे त्या शार्ड की च्या मागे अजून एक फील्ड जोडायचं. आता कोणतं फील्ड? पहिला विचार साहजिकच अंडरस्कोर आयडीचा (डॉक्युमेंटची स्वतःची ओळख) आला, प्रत्येक डॉक्युमेंटमध्ये असतोच. पण त्यात डीफॉल्ट ऑब्जेक्टआयडी असतो, आणि ऑब्जेक्टआयडीचे पहिले चार बाइट म्हणजे टाइमस्टॅम्प, तो वाढतच जातो, त्यामुळे त्या ग्राहकाचे सगळे नवीन मेसेज कायम शेवटच्या चंकमध्येच पडले असते आणि एकच शार्ड तापत राहिला असता. आम्ही संभाषण आयडी घेतला. तो रँडम यूयूआयडी (० ते ९ आणि ए ते एफ या सोळा अक्षरांत लिहिलेला युनिक आयडी), स्ट्रिंग म्हणून साठवलेला, प्रत्येक मेसेजमध्ये असलेला, आणि एका संभाषणाचे मेसेज एकाच शार्डवर राहणार म्हणून वाचायलाही बरं.

त्या दोन फील्डचा इंडेक्स आधी बांधावा लागतो, यात सगळ्यात जास्त वेळ गेला. रिफाइनची कमांड स्वतः क्षणात संपते, कारण ती फक्त मेटाडेटा बदलते, डेटा एक इंचही हलत नाही. नंतर मी त्या जम्बो चंकचे तुकडे हाताने पाडले. यूयूआयडी रँडम असल्यामुळे पहिली तीन अक्षरं शून्य-शून्य-शून्य पासून एफ-एफ-एफ पर्यंत घेतली की ४०९६ तुकडे होतात, १८० जीबी भागिले ४०९६ म्हणजे एकेक साधारण ४५ एमबी, ६४ च्या आत. छोटी स्क्रिप्ट लिहून, दिलेल्या जागी चंक तोडणारी कमांड स्प्लिटअॅट चालवत गेलो. शेवटी चंकची लिस्ट परत काढली, तर जम्बो फ्लॅग कुठेच नव्हता. तेव्हा खूप आनंद झाला होता, आजही आठवतो.

पहिल्या रात्री चंक हलायला लागले आणि सकाळी सपोर्टचा फोन. त्या मोठ्या ग्राहकाचे मेसेज 'वाचलं' म्हणून मार्क होत नाहीयेत, बाकी सगळ्या ग्राहकांचं नीट चाललंय. लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं की एकाच डॉक्युमेंटचा अपडेट असेल तर त्यात अंडरस्कोर आयडी हवा नाहीतर तो एकाच शार्डवर जायला हवा, आणि हा तर दोन शार्डवर जातोय. आमचा कोड अपडेटच्या फिल्टरमध्ये ग्राहक आयडी आणि मेसेज नंबर देत होता. लहान ग्राहकाचा सगळा डेटा एकाच शार्डवर असल्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही, मोठ्याचे चंक विभागले गेले आणि तो अपडेट कुठे पाठवायचा हे मोंगोएसला कळेना. बॅलन्सर थांबवून उपयोग नव्हता, जे चंक गेले ते गेले. फिल्टरमध्ये संभाषण आयडी टाकला, दोन तासांत रिलीज केलं. ते दोन तास लोकांचे मेसेज न वाचलेले दिसत होते आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. रिफाइन करायच्या आधी कोडमधले सगळे अपडेट आणि डिलीट एकेक करून तपासायला हवे होते, ते मी टेस्ट क्लस्टरवर बघितले, पण तिथे एकही ग्राहक एवढा मोठा नव्हता की त्याचे चंक दोन शार्डवर जातील.

पुढे बॅलन्सरला तीन आठवडे लागले. साधारण तीन हजार चंक हलवायचे, आणि या वेळी देणारा शार्ड एकच, म्हणजे परत एका वेळी एकच मायग्रेशन. मी रोज सकाळी आकडे लिहून ठेवायचो.

आकडे खाली येत होते तरी पहिल्या शार्डची डिस्क मात्र वापरलेलीच दाखवत होती. चंक गेल्यावर जुनी डॉक्युमेंट लगेच डिलीट होत नाहीत, डीफॉल्ट ९०० सेकंद थांबून मग रेंज डिलीटर ती मागून हळूहळू काढतो, आणि काढल्यावरही वायर्डटायगर ती जागा स्वतःकडेच ठेवतो, नवीन डेटासाठी परत वापरतो, ऑपरेटिंग सिस्टीमला देत नाही. मॅनेजरना हे समजावताना मला कलेक्शनच्या स्टॅट्समधला पुन्हा वापरता येणाऱ्या बाइट्सचा आकडा काढून दाखवावा लागला, मग पटलं. शेवटी कॉम्पॅक्ट (मोकळी जागा ऑपरेटिंग सिस्टीमला परत देणारी कमांड) चालवलं, आधी दोन्ही सेकंडरीवर एकेक करून, मग प्रायमरीला स्टेपडाउन (म्हणजे सेकंडरी) करून त्याच्यावर. तेव्हा कुठे डिस्कचा ग्राफ खाली आला.

आता चारही शार्डवर ९३ जीबीच्या आसपास डेटा आहे. आठवड्यातून एकदा एक स्क्रिप्ट चालते जी प्रत्येक ग्राहकाची सगळ्यात मोठी संभाषणं काढते, कारण एखादं संभाषणच ६४ एमबीच्या वर गेलं तर तोच चंक परत जम्बो होईल. सध्या सगळ्यात मोठं संभाषण ११ एमबीचं आहे.