नेपाळचे पाचशे रुपये

+९७७ नं सुरू होणारा नंबर दिसला की मी फोन उचलत नाही. त्या शनिवारी दोनदा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा दोन शब्द सुनवायचे म्हणूनच उचलला, तर पलीकडून मामेभाऊ. “ताई, मी बोलून राहिलो. गाडी ठोकली वं.” कोण्या हॉटेलवाल्याचा फोन मागून बोलत होता.

तारीख ९ मार्च २०२४. आदल्या दिवशी महाशिवरात्र होती. पशुपतीनाथाचं दर्शन करून मंडळी परत निघालेली. बोलेरोत मामी धरून सात जण. मुगलिंगहून नारायणघाटकडे उतरताना, नदीकाठच्या वळणावर समोरच्या बसनं उजवी बाजू खरडत नेली. हेडलाइट, बंपर, फेंडर, ड्रायव्हरकडचं दार. माणसं सुखरूप. मामीचा चष्मा तेवढा फुटला.

मी दिग्रसला विम्याची कामं करते. एसटी स्टँडमागं एक खोली, एक टेबल, एक प्रिंटर. भावाची पॉलिसी मीच काढलेली. त्यामुळं त्यानं “आता काय करू?” विचारलं तेव्हा मला आधी गाडी नाही, पॉलिसीचं पान दिसलं. भौगोलिक क्षेत्र या रकान्यात आपल्या गाड्यांच्या पॉलिसीवर साधारणपणे एकच शब्द असतो: भारत. नेपाळच्या सीमेवरची सोनौलीची कमान ओलांडली की त्या कागदाची किंमत रद्दीएवढी. कागद फुल्ल इन्शुरन्सचा असला तरी.

हे मी कशी शिकले ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. दोन वर्षं आधी आर्णीकडचे एक शेतकरी माझ्याकडून पॉलिसी घेऊन नेपाळला गेले. सोयाबीन विकून घेतलेली गाडी. येताना नेपाळातच ठोकली अन् क्लेम सरळ नामंजूर. कंपनीचं काही चुकलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं, गाडी कुठं नेणार म्हणून. ते भांडले नाहीत, उलट “जाऊ द्या ना बाई” म्हणाले. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

खरं तर सोय जुनीच आहे. मोटार टॅरिफ म्हणजे गाड्यांच्या विम्याचे नियम अन् दर, त्यात तिचा नंबरच एक आहे, आयएमटी-१. बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव या सहा देशांपैकी जिथं जायचं तो देश पॉलिसीत वाढवून घेता येतो, जास्तीत जास्त बारा महिन्यांसाठी. टॅरिफमधला दर पॅकेज पॉलिसीला, म्हणजे फुल्ल इन्शुरन्सला, ५०० रुपये, नुसत्या थर्ड पार्टीला, म्हणजे फक्त समोरच्याचं नुकसान भरणाऱ्या पॉलिसीला, १००. मालदीवला बोलेरो कोण नेणार ते टॅरिफ लिहिणाऱ्यालाच ठाऊक! समुद्रातून किंवा विमानातून नेताना गाडीला काही झालं तर ते धरत नाहीत, हेही तिथंच लिहिलेलं आहे.

फेब्रुवारीत भाऊ रिन्यूअलला आला तेव्हा मी त्याला सोडलाच नाही. जीएसटी धरून ५९० रुपये. “पशुपतीनाथाले जाऊन राहिलो ताई, लढाईवर नाही,” म्हणाला. मी पावती फाडली.

म्हणून त्या शनिवारी मला धीरानं बोलता आलं. म्हटलं, गाडी हलवू नको. दोन्ही नंबरप्लेटा एका फोटोत घे, मग रस्ता, मग वळण. बसवाल्याच्या ब्लूबुकचा फोटो घे. आपल्या आरसीला तिकडं ब्लूबुक म्हणतात. ट्रॅफिक पोलीस येईपर्यंत हातावर पैसे घेऊन मिटवू नको. मिटवलं की कागद बनत नाही, अन् कागद नसला की इकडं ॲक्सिडेंटच झाला नाही. अन् भन्सार कधीपर्यंतचा आहे ते पाय. भन्सार म्हणजे तिकडच्या कस्टमची पावती, जितके दिवस गाडी ठेवायची तितक्या दिवसांचे पैसे भरून घ्यायची. त्याचा १० तारखेपर्यंतचा होता. एका दिवसानं वाचलो.

तिथल्या गॅरेजवाल्यानं फेंडर ओढून टायर मोकळा केला, लाइट तारेनं बांधून दिला. ८,००० नेपाळी, म्हणजे आपले ५,०००. बिल वहीच्या पानावर, ना शिक्का ना नंबर. ते पैसे पुढं कोणी धरले नाहीत. कॅशलेस, म्हणजे कंपनीनं गॅरेजचं बिल परस्पर भरणं, तिकडं विसरायचं. कंपनीनं फोनवर सांगितलं, गाडी चालत असेल तर गोरखपूरला आणा, तिथं नुकसान तपासणारा सर्वेअर बघेल. रविवारी रात्री पोचले, सर्वेअर सोमवारी दुपारी आला. मामीला तेवढ्यात गोरखनाथाचं दर्शन झालं.

सर्वेअर मोठा हुशार निघाला. गाडी पाहिली, फोटो पाहिले, अन् भावाला काही न विचारता ओट्यावर बसलेल्या मामीकडं गेला. “माताजी, गाडी का कितना दिया?” पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीत भाडं घेऊन माणसं बसवली की क्लेम गेलाच. सातापैकी तिघं शेजारी होते अन् त्यांनी डिझेलला वर्गणी दिली होती, हे भावानं मला नंतर सांगितलं. मामीनं त्याच्याकडं फुटक्या चष्म्यातून पाहिलं. “माह्या पोराची गाडी हाय. मी कायले पैसे देऊ?” खरंच होतं ते. तिनं दिलेच नव्हते.

पण खरी गंमत कागदांत झाली. ट्रॅफिक पोलिसांचा कागद नेपाळीत, लिपी आपलीच, अन् तारीख २०८०/११/२६. क्लेमच्या टेबलावरचा पोरगा म्हणे, “मॅडम, हा ॲक्सिडेंट अजून व्हायचा आहे.” तिकडं विक्रम संवत चालतो, अकरावा महिना फाल्गुन. आपल्या पंचांगात महाशिवरात्र माघात, त्यांच्या कॅलेंडरात ती फाल्गुनात. हे त्याला समजावता समजावता मी पार कीर्तनकार झाले. शेवटी इंग्रजी भाषांतर करून, यवतमाळच्या नोटरीचा शिक्का मारून दिलं तेव्हा त्याच्या कॉम्प्युटरनं ९ मार्च मान्य केलं. मग वेळ! फॉर्मवर भावानं लिहिलं साडेचार, पोलिसांच्या कागदावर पावणेपाच. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं असतं, त्याचंही वेगळं पत्र दिलं. आता कोणाला नेपाळला पाठवायचं असलं की मी आधीच सांगते, दोन्ही वेळा लिहा.

बसवाल्याच्या कंपनीकडून वसूल का नाही केलं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. चूक त्याचीच होती. पण ते करायचं तर तिथल्या कायद्यानं, तिथल्या भाषेत, तिथंच खेटे घालून. साठेक हजारासाठी परवडत नाही. युरोपात ही अडचण त्यांनी कधीच सोडवली. १९४९ मध्ये ठरलेलं त्यांचं ग्रीन कार्ड आहे, एका देशाच्या गाडीचा विमा दुसऱ्या देशात दाखवायला. ॲक्सिडेंट झाला की दोन्ही ड्रायव्हर एकच छापील फॉर्म भरतात, एकेक प्रत ठेवतात. युरोपीय संघात तर प्रत्येक विमा कंपनीला इतर प्रत्येक सदस्य देशात आपला एक प्रतिनिधी नेमावा लागतो. फ्रान्समध्ये फ्रेंच गाडीनं ठोकलं तरी जर्मनीतला माणूस जर्मनीतच, जर्मन भाषेत मागणी करतो, अन् तीन महिन्यांत कंपनीला सकारण उत्तर द्यावं लागतं. आपण अन् नेपाळ तर बिनापासपोर्टचे शेजारी. गाडी कमानीखालून सहज जाते, क्लेमला मात्र असा रस्ताच नाही.

यवतमाळच्या वर्कशॉपचं बिल ६१ हजार झालं. प्लास्टिकच्या भागांवर निम्मी कपात, गाडी तीन वर्षांवरची म्हणून पत्र्यावर पंचवीस टक्के, वर क्लेममागं सक्तीनं कापायचे १,०००. हातात ४० हजारांच्या आसपास आले, जूनमध्ये, पेरणीच्या ऐन तोंडावर. भावानं त्यातूनच बियाणं आणलं.

मामी रोज विचारायची, माह्या चष्म्याचे किती आले? प्रवाशाच्या सामानाला ही पॉलिसी काही देत नाही, हे तिला पटेना. “गाडीचा लाइट देतात अन् माह्या डोयाचा नाही?” शेवटी दारव्ह्याला नेऊन मीच करून दिला, साडेआठशेचा.